छातीच्या उंचीवरची फळी

आमच्या चर्चमध्ये दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी साक्षी होतात. म्हणजे ज्याला वाटेल त्याने पुढे यायचं, माईकसमोर उभं राहायचं आणि देवाने आपल्याला कशातून सोडवलं ते सांगायचं. मग मंडळी 'आमेन' म्हणते. या आमेनचे प्रकार असतात. एक आमेन पोटातून येतं, त्याने बाकं हादरतात. एक गळ्यातून येतं. आणि एक नुसतं ओठांतून येतं, दवाखान्यात कंपाउंडर 'पुढचा' म्हणतो तसं. मला कायम हे तिसरं मिळायचं.

तसा दोष माझाच होता. माझ्याकडे सोडवण्यासारखं काही नव्हतं. शिंपीकाका जुगारातून सुटले होते. नर्सबाई विहिरीच्या काठावरून परत आल्या होत्या. पाळकसाहेब तर तरुणपणी एका माणसाला मारायला निघाले होते. वाटेत चप्पल तुटली, ती शिवून घेताना मोच्याने त्यांना प्रभूबद्दल सांगितलं आणि ते तसेच मागे फिरले. अशा लोकांनंतर मी उठायचो आणि सांगायचो, की माझी सायकलची किल्ली हरवली होती, मी प्रार्थना केली आणि ती दुसऱ्या खिशात सापडली.

'आमेन.' पुढचा.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. काचा घासून फ्रेममध्ये बसवतो, गर्दी असली की डोळेही तपासतो. 'ही काच बरी, की ही?' हे वाक्य मी दिवसातून दोनशे वेळा म्हणतो. घरी मला चष्म्या म्हणतात. मला चष्मा नाही. चर्चमध्ये माझं काम आणखी किरकोळ होतं: रविवारी सगळ्यांच्या आधी यायचं, स्टुलावर चढायचं आणि भिंतीवरच्या लाकडी फळ्यात त्या दिवशीच्या गीतांचे आकडे लावायचे. नऊ वर्षांत माझा एकही आकडा चुकला नाही. देवाला माझ्याकडून नेमकं एवढंच हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटायचं, की माझ्याकडे अजून त्याचं लक्ष गेलेलं नाही.

त्या रविवारी मी दाढ दुखायची थांबली हे सांगणार होतो. माझ्या आधी शिंपीकाका बोलले आणि बाकं हादरली. मी उठलो, तेवढ्यात आतून कोणीतरी स्पष्ट म्हणालं, 'बस खाली.' मला वाटलं, घाबरल्यामुळे होत असेल. मी पुढे गेलो.

"मी दारू प्यायचो," मी माईकमध्ये म्हणालो.

हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. दाढ म्हणायला तोंड उघडलं आणि दारू निघाली. तिसऱ्या रांगेतल्या आजोबांनी कानातल्या यंत्राचं बटण फिरवलं. आजवर मी बोलताना ते यंत्र बंद ठेवायचे, हे मला तेव्हा कळलं.

"दोन वर्षं. काम शिकायला दुसऱ्या गावी होतो तेव्हा."

ती दोन वर्षं निवडण्याचं कारण इतकंच, की त्यांना साक्षीदार नव्हता. खरं तर त्या दोन वर्षांत मी रोज नऊला झोपायचो आणि घरमालकिणीच्या मांजराला दूध घालायचो.

"सोडायची ठरवली तेव्हा मी बाटली फेकली नाही," मी म्हणालो. आता मला कोणी थांबवू शकलं नसतं, मी तर नाहीच. "भरलेली, सीलबंद बाटली फळीवर ठेवली, पवित्र शास्त्राच्या शेजारी. रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहायचो आणि म्हणायचो, तू माझं काही करू शकत नाहीस. सहा महिने. सील जसंच्या तसं."

जे आमेन आलं, त्याने छताचा पंखा हलला. तो बंद होता.

घरी आई दुपारभर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मला कधी वास कसा नाही आला रे?"

"पत्रातून वास येत नाही, आई."

संध्याकाळपर्यंत तिने शेजारच्या तीन घरांत सांगून टाकलं होतं, तेही अशा आवाजात की जणू मी परीक्षेत पहिला आलोय.

ताई मात्र माझ्याकडे किडकी भाजी बघावी तशी बघत होती. "ए चष्म्या, तुला खोकल्याच्या औषधाने चक्कर येते."

"आता येते. तेव्हा नाही यायची."

ती आणखी बोलली असती, पण तिचं लक्ष भावोजींकडे गेलं आणि ती गप्प झाली. भावोजी दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं होतं.

भावोजी सुतार. त्यांच्या घरामागच्या खोलीत काम चालतं, दारं आणि कपाटं. आठ वर्षं ते खरोखरच प्यायले. कोणत्या दोन वर्षांत वगैरे भानगड नाही, सगळ्यांना दिसेल असं. शेवटी ताईने बॅग भरली, स्वतःची आणि माझ्या भाचीची, आणि सांगितलं, "पुढच्या वेळी मी भांडणार नाही. नुसती बॅग उचलीन." त्या दिवसापासून त्यांनी सोडली होती. या गोष्टीला नऊ महिने झाले होते. बॅग अजून भरलेलीच कपाटात होती. भाचीचे त्यातले फ्रॉक आता तिला तोकडे झाले असते. वर्ष पूर्ण झालं की बॅग रिकामी करायची, असं दोघांचं ठरलं होतं. भावोजी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे आणि साक्षीला कधीही उठायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "मी काय सांगू? आज नाही प्यायलो. कालही नाही. झालं."

त्या संध्याकाळी निघताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. सुताराचे हात, त्यामुळे दुखला.

त्यानंतर माझं बरं चाललं. आमच्या मंडळीचे सचिव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. ते डायरीशिवाय श्वासही घेत नाहीत. त्यांनी मला आजूबाजूच्या चार चर्चमध्ये नेलं. दुसऱ्या चर्चमध्ये सहा महिन्यांचे आठ झाले. तिसऱ्यात वादळ आलं, खिडकी आपटली, बाटली फळीवरून पडणार तोच मी ती स्वतःच्या हाताने सावरली. इथे एक बाई हुंदके देऊन रडल्या. मलाही भरून आलं. आकडे लावायचं काम मी सोडून दिलं, कारण स्टुलावर चढलेला साक्षीदार बरा दिसत नाही. ते आता हेडमास्तर करू लागले.

प्रार्थनाही मी बंद केली. भांडण वगैरे काही नव्हतं. पण प्रार्थनेला बसलं की तो विषय निघणार, हे मला माहीत होतं. देवाच्या समोरून जाताना मी जरा घाईत असल्यासारखं दाखवायचो.

चौथ्या चर्चमध्ये कोणीतरी विचारलं, "ती बाटली अजून आहे?" मी म्हणालो, "आहे." परत येताना मला वाटलं, निदान एवढं तरी खरं असावं. मी एक बाटली आणली आणि माझ्या खोलीत फळीवर ठेवली. सकाळी तिच्यासमोर उभा राहिलो. मी बाटलीकडे पाहिलं. बाटलीने माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही काही वाटलं नाही. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी मी विचार केला: लोक पाप आधी करतात आणि नंतर सांगतात. मी सांगून बसलो आहे, तर मागाहून करून टाकायला काय हरकत आहे? हिशेब पूर्ण होईल, मी प्रामाणिक होईन. मी दोन चमचे प्यायलो. मोरीत ओकलो. तीन तास भिंत धरून बसलो. पापही मला जमत नव्हतं, आणि याचंही मला दुःख झालं. सैतान बघत असेल तर त्याने मान फिरवली असेल.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण एका दुपारी भावोजी दुकानात आले.

त्या वेळी हेडमास्तर तपासणीच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम, एका डोळ्यापुढे काळी चकती, दुसऱ्यापुढे जाड भिंग. भावोजींच्या कानावर पेन्सिल होती, केसांत भुसा, हातात मापाची टेप.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले.

"विचारा ना, भावोजी."

"ती फळी. किती उंचीवर होती?"

"कोणती फळी?" मी विचारलं. मला खरंच क्षणभर आठवेना.

"अरे, बाटलीची! डोळ्यांसमोर यायची, की खाली?"

हेडमास्तरांनी मान वळवली. भिंगामागचा त्यांचा तो एक डोळा बशीएवढा दिसत होता, आणि तो माझ्यावर रोखलेला होता. आतून पुन्हा तोच आवाज आला, अगदी स्पष्ट: 'सांग.' फार नाही, पाच शब्द लागले असते. भावोजी, अशी काही फळी नव्हती.

"छातीच्या उंचीवर," मी म्हणालो. "डोळ्यांसमोर ठेवली तर दिखावा होतो."

"वा!" हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी डायरी मागितली.

भावोजींनी गुडघ्यावर बसून टेपचं टोक जमिनीला लावलं आणि दुसरं माझ्या छातीला. "चार फूट दोन इंच. मी तुझ्यापेक्षा उंच, म्हणजे माझी चार पाच." त्यांनी कानावरची पेन्सिल काढून तळहातावर लिहिलं. "मागच्या खोलीत लावतो. हिला सांगू नकोस हं, उगाच धसका घेईल. भुशाने शिंका येतात म्हणून ती तिकडे फिरकत नाही."

"भावोजी, पण तुम्ही कशाला..."

"वर्षाला पाच आठवडे राहिले," ते हळूच म्हणाले. "मीही पुढे येऊन सांगीन म्हणतो. पण नुसतं 'पीत नाही' यात काय आहे रे? तुझ्यासारखं काहीतरी पाहिजे. दम असलेलं."

हे वाक्य मी ओळखलं. ते माझंच होतं. सायकलच्या किल्लीच्या दिवसांतलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "स्क्रू चांगले लावा."

हे मी म्हणालो. स्क्रू चांगले लावा. ते गेल्यावर मी हेडमास्तरांसमोर भिंग धरलं आणि विचारलं, "ही काच बरी, की ही?"

सतराव्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"ए चष्म्या, फळी कसली रे?"

मी हातातली काच खाली ठेवली.

"हे मागच्या खोलीत भुशात पडलेत. एका कपाटाला चारही बाजूंनी दारं लावून ठेवलीत. आणि सारखं म्हणतायत, उंची चुकली, फळीची उंची चुकली. कसली उंची?"

"ताई, मी येतो."

"जा. पण मी नाहीये तिथे. आईकडे आहे." मग ती म्हणाली, "बॅग भरलेलीच होती. वेळ लागला नाही."

मी गेलो तेव्हा भावोजी पलंगाच्या कडेवर बसले होते, डोळे सुजलेले. कपाटाचा खण उघडा होता आणि त्यात बॅगेएवढी रिकामी जागा होती.

"ये," ते म्हणाले. "माझ्यात तुझ्याएवढा विश्वास नाही, बघ."

"असं म्हणू नका."

"सोळा दिवस म्हटलं, तू माझं काही करू शकत नाहीस. रोज छाती फुगत होती. सतराव्या दिवशी वाटलं, आता एवढा जिंकलोय तर एक घोट घेऊनही परत ठेवता येईल. सील फोडून जिंकायचं. तुझ्यापेक्षा एक पाऊल पुढे." ते हसले. "इतके महिने रोज सकाळी नुसतं म्हणायचो, देवा, आजचा दिवस निभावून ने. भिकाऱ्यासारखं. तेव्हा काही झालं नाही. आणि पहिलवानासारखा उभा राहिलो तेव्हा हे."

"भावोजी," मी म्हणालो, "मी कधी प्यायलोच नाही. बाटली नव्हती. फळी नव्हती. सगळं खोटं होतं."

त्यांनी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं. खांद्यावर हात ठेवला.

"माझ्यासाठी खोटं बोलू नकोस रे. पाप लागेल."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा माझी समजूत घातली. मी मांजराचं सांगितलं, घरमालकिणीचं सांगितलं. ते म्हणाले, "तू फार चांगला मुलगा आहेस." यापेक्षा त्यांनी कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी घरी येऊन मी कित्येक आठवड्यांनी गुडघे टेकले. काय बोलावं कळेना. शेवटी एवढंच म्हणालो, की मीच तो. मी उठलो आणि बाटली मोरीत ओतली.

पुढचा रविवार तिसरा होता. मी पाया पडून भावोजींना चर्चला आणलं. ते नेहमीसारखे शेवटच्या बाकावर बसले. ताई पुढे आईजवळ बसली होती. दोघांमध्ये अकरा बाकं होती. मी माईकसमोर गेलो. मंडळी आधीच खूश दिसत होती.

"मी सांगितलेली साक्ष खोटी आहे," मी म्हणालो. "मी दारू प्यायचो नाही. फळी नव्हती. बाटली नव्हती. मला तुमचं मोठं आमेन हवं होतं. माझ्या खोट्याला खरं मानून एका माणसाने तसंच केलं, आणि त्याचं घर मोडलं."

मग हेडमास्तर गहिवरून म्हणाले, "केवढी ही नम्रता! स्वतःचा विजयही स्वतःकडे ठेवत नाही!"

"आमेन!" शिंपीकाका म्हणाले. पोटातून.

"नाही हो, आमेन नको!" मी ओरडलो. माईक किंचाळला. "खोटं होतं म्हणतोय मी! खोटं!"

दोन-तीन जण आणखी आमेन म्हणाले. आयुष्यभर ज्यासाठी तडफडलो, ते आता परत घ्या म्हटलं तरी कोणी घेईना.

तेव्हा ताई उठली. तिने मागे वळून थेट शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"खरं बोलतोय तो," ती म्हणाली. "खोकल्याच्या औषधाने चक्कर येते त्याला. लहानपणापासून."

मग मात्र सगळ्यांना पटलं. हेडमास्तरांनी डायरी मिटली. आजोबांनी यंत्राचं बटण उलटं फिरवलं. पाळकसाहेबांनी गीत घ्यायला सांगितलं. सगळे उठले, फळ्याकडे बघून पुस्तकं चाळू लागले. फळ्यावरच्या आकड्याचं गीत पुस्तकात नव्हतंच. हेडमास्तरांनी आकडे उलटसुलट लावले होते. मंडळी पुस्तकं उघडी धरून नुसती उभी राहिली. भावोजी दाराबाहेर पडले.

मी त्यांच्यामागे धावलो. ते नळापाशी उभे होते.

"कधीच नाही?" त्यांनी विचारलं.

"कधीच नाही."

"आणि फळी?"

"घरमालकिणीकडे एक होती. तिच्यावर मांजर झोपायचं."

त्यांचा हात वर गेला. मी डोळे मिटले. काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा त्यांचा तळहात त्यांच्याच समोर होता आणि ते तिथे काहीतरी वाचत असल्यासारखे बघत होते. तिथलं पेन्सिलचं लिहिलेलं कधीच पुसलं गेलं होतं.

"चार फूट पाच इंच," ते म्हणाले आणि चालू लागले.

त्यानंतरही ते नऊ दिवस प्यायले. हे सांगायला हवं, कारण मला वाटलं होतं, मी खरं बोललो की सगळं जागच्या जागी येईल. मी रोज संध्याकाळी दुकानातून तिकडे जायचो आणि बसायचो. ते बोलायचे नाहीत. मीही बोलायचो नाही, आणि मला ते जमत होतं याचं मलाच नवल वाटायचं. दहाव्या दिवशी त्यांनी माझ्या हातात पेचकस दिला.

"काढ."

मी फळी काढली. स्क्रू फार चांगले लावले होते. माझ्या हाताला फोड आले. भिंतीत चार भोकं राहिली.

"भोकं बुजवू का?" मी विचारलं.

"राहू देत."

भाचीला आमच्या घरून शाळा लांब पडत होती म्हणून आणखी आठवड्याने ताई परत आली. बॅग तिने कपाटात ठेवली नाही. ती येण्याजाण्याच्या वाटेत ठेवली आहे, भरलेली. मी रोज तिला अडखळतो. ताई म्हणते, "बघून चाल." वर्षाची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली आहे.

पाळकसाहेबांकडे मी आकड्यांचं काम परत मागितलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "स्टूल तिथेच आहे."

पुढच्या तिसऱ्या रविवारी साक्षी सुरू झाल्या तेव्हा मी फळ्याखाली, कडेच्या बाकावर होतो. नर्सबाई बोलल्या. मग मागे बाक करकरलं. भावोजी उठले होते. ते पुढे आले नाहीत, माईकपाशी गेले नाहीत. जागेवरूनच म्हणाले, "एकोणीस दिवस." आणि बसले.

मंडळी पुढचं ऐकायला थांबली. पुढचं काही नव्हतं. कोणतं आमेन म्हणावं, हे कोणालाच कळेना. ताई मान खाली घालून बसली होती. तिने भाचीचा हात घट्ट धरला होता.

आणि मला, देवा क्षमा कर, तेवढ्यात वाटलं: हे माझ्यामुळे झालं. मी सर्वांसमोर खरं बोललो, म्हणून हे एकोणीस दिवस. नऊ संध्याकाळी मीच तिथे बसलो होतो. फळी मीच काढली. हातावरचे फोड अजून आहेत, दाखवता येतील. याची काय सुंदर साक्ष होईल! पहिलं वाक्यही तयार झालं. पाय आपोआप जमिनीवर रोवले गेले.

'बस खाली,' आतून कोणीतरी म्हणालं.

मी दोन्ही हातांनी बाक धरलं आणि बसून राहिलो. साक्षी संपेपर्यंत सोडलं नाही.